उद्योगाआधी माणूस

विद्यार्थी मित्रहो, "पुढे काय करणार?" असे आम्ही वर्गात विचारले म्हणजे हल्ली तुमच्यापैकी काहीजण "स्वतःचा स्टार्टअप काढणार" असे उत्तर देतात. ही महत्त्वाकांक्षा आम्हांस आवडते. मात्र उद्योग वाढविण्यापूर्वी मनुष्यास स्वतः वाढावे लागते, हे ध्यानी असावे.

आपल्याच बेळगाव जिल्ह्यात, गुर्लहोसूर येथे, १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर पाहा. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते. अपेक्षित बढती दुसऱ्यास मिळाली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावास परतले. भावासह चालविलेल्या सायकलींच्या दुकानातून ते कडबा कापण्याच्या यंत्राकडे आणि लोखंडी नांगराकडे वळले. परंतु लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत! पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. पुढे बेळगावातील कारखान्याची जागाही सोडावी लागली. तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी जमीन व कर्ज दिले आणि १९१० साली ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

यातून आम्ही दोन गोष्टी शिकतो. गिऱ्हाइकाचा नकार हा अपमान नव्हे. तो आपल्यापुढे टाकलेला प्रश्न होय. आणि कोणीही एकट्याने मोठा होत नाही. भावाचा हात व राजाचा विश्वास लक्ष्मणरावांनाही लागलाच. तुमचा उद्योग कदाचित बुडेल. पण त्यात कमावलेले ज्ञान, धीर आणि सचोटी बुडत नाहीत. तेच खरे भांडवल होय.