नाक चोंदले की तारीख लिहा

पडसे कोणाला होत नाही? पावसाळ्यात होते, थंडीत होते. आपल्या घाटंजीकडे कापसाच्या हंगामात धूळ आणि बारीक तंतू नाकात जातात, त्यानेही नाक चोंदते. साधे पडसे बहुधा सात ते दहा दिवसांत आपोआप उतरते.

मग डॉक्टरकडे केव्हा जावे? “पडसंच तर आहे, होईल बरं,” असे म्हणता म्हणता महिना निघून जातो. म्हणून आम्ही एक सोपी गोष्ट सांगतो. आता आपल्याला लिहिता येते ना? नाक चोंदले, ती तारीख कॅलेंडरवर लिहा. दहा दिवस मोजा. उतार नसेल तर डॉक्टरांना दाखवा. मध्ये बरे वाटून पुन्हा ताप चढला, तरी दाखवा.

दुसरे, बाजू पाहा. कधी डावी, कधी उजवी नाकपुडी चोंदते. त्याचे भय नाही. पण एकच नाकपुडी सारखी बंद राहिली, तिच्यातून रक्त आले, तर दहा दिवस थांबू नका.

लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येतो का? आत जवारीचा दाणा किंवा चिंचोका अडकलेला असू शकतो. काडीने कोरू नका, तो आणखी आत सरकतो. खेळण्यातला चपटा सेल अडकला असेल, तर तासभरही दवडू नका. तो नाक आतून जाळतो.

2021 साली कोरोनानंतर काळी बुरशी आली. साखरेचा आजार असलेल्यांना ती जास्त झाली. आधी नाक चोंदे, काळपट स्राव येई, गाल दुखे. उशीर झाला त्यांतल्या कित्येकांचा डोळा गेला, काही दगावले. म्हणून डोळ्याभोवती सूज आली किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर त्याच दिवशी निघा.

दुकानातले नाकाचे थेंब पाच-सात दिवसांहून जास्त घालू नयेत. मग थेंबांवाचून नाक उघडतच नाही.

घाटंजीला ग्रामीण रुग्णालय आहे. पुढे गरज पडली तर यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. जाताना लिहिलेली तारीख सांगा. डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो: “किती दिवस झाले?”

अभ्यास
1. किती दिवसांनी डॉक्टरांना दाखवावे?
2. कोणत्या खुणा दिसल्या तर थांबू नये?
3. आजची तारीख लिहा.