खाणीतील सुरक्षा आणि जंगलातील मजूर

वर्धा, वैनगंगा, प्राणहिता आणि इंद्रावती या नद्यांच्या परिसरात पसरलेले चंद्रपूर व गडचिरोली हे दोन जिल्हे २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच होते. जिल्ह्याचे विभाजन झाले, तरी येथील कष्टकऱ्यांच्या जीवनाचे दोन मुख्य आधार बदललेले नाहीत. एक आधार भूमीच्या पोटातील खनिजाचा आणि दुसरा भूमीवरील वनाचा. बल्लारपूर, राजुरा, घुग्घुस, माजरी व दुर्गापूर या भागांत हजारो कामगार कोळसा काढतात. सिंदेवाही, ब्रह्मपुरी, मूल, धानोरा, कोरची, एटापल्ली व भामरागड या तालुक्यांत हजारो कुटुंबे तेंदूपत्ता, मोहफुले व बांबू यांवर वर्षाचा मोठा खर्च भागवितात.

ही दोन्ही कामे जोखमीची आहेत. परंतु पहिल्या कामातील जोखीम मोजली जाते, लिहिली जाते आणि तिच्यासाठी कोणाला तरी जाब विचारता येतो. दुसऱ्या कामातील जोखीम बहुधा नशिबावर सोडली जाते. हा फरक का पडला आणि तो कमी कसा करता येईल, याचा विचार ग्रामपंचायतींचे सदस्य, शिक्षक व शासकीय अधिकारी यांनी करणे अगत्याचे आहे.

कोळसाखाणीतील धोके

या भागातील कोळसाखाणींचा इतिहास दीडशे वर्षांचा आहे. वरोरा येथे १८७१ मध्ये कोळसा काढण्यास प्रारंभ झाला आणि १९०६ मध्ये ती खाण बंद पडली. तोपर्यंत बल्लारपूर येथील खाण सुरू झाली होती. देशातील कोळसाखाणींचे राष्ट्रीयीकरण १९७३ मध्ये पूर्ण झाले. पुढे १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड ही नागपूर येथे मुख्यालय असलेली कंपनी स्थापन होऊन येथील खाणी तिच्याकडे आल्या.

भूमिगत खाणीत कोळशाचे खांब राखून मधला कोळसा काढला जातो. त्यामुळे छत कोसळणे हा तेथील नित्याचा धोका असतो. जुन्या, सोडून दिलेल्या खाणींत साठलेले पाणी हा दुसरा धोका होय. नोव्हेंबर १९७५ मध्ये नागपूरजवळील सिल्लेवाडा खाणीत पाणी शिरून १० कामगार मृत्युमुखी पडले. त्यानंतर महिना-सव्वा महिन्यातच, २७ डिसेंबर १९७५ रोजी, धनबाद जिल्ह्यातील चासनाला खाणीत पाण्याचा लोंढा घुसून ३७५ कामगारांचा अंत झाला. खुल्या खाणींत पाण्याचे व छताचे भय तुलनेने कमी असते. तथापि तेथे उंच कडे ढासळणे, अवजड डंपरखाली सापडणे आणि सुरुंगाचे दगड उडणे हे अपघात संभवतात. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कवडी या खुल्या खाणीत जून २००० मध्ये कडा कोसळून १० जण ठार झाले.

अपघात डोळ्यांना दिसतो, व्याधी दिसत नाही. कोळशाची सूक्ष्म धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे फुप्फुसांत साठत गेली म्हणजे न्यूमोकोनिओसिस हा रोग जडतो. त्यावर खात्रीचा उपाय नाही. धुळीवर पाणी मारणे, हवा खेळती ठेवणे आणि वेळोवेळी छातीची क्ष-किरण तपासणी करणे हेच त्याचे प्रतिबंधक मार्ग आहेत. कित्येकदा कामगार निवृत्त झाल्यावरच हा रोग जाणवू लागतो. म्हणून सेवाकाळातील तपासणीचे कागद त्याच्या हाती असणे महत्त्वाचे ठरते.

संघटनेने मिळविलेले स्थान

कामावर जखमी झालेल्या मजुराची जबाबदारी मालकावर आहे, हा विचार आपल्याकडे सहज रुजलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने ज्या मागण्या मांडल्या, त्यांत साप्ताहिक सुट्टीबरोबरच एक मागणी अशी होती की, काम करताना जायबंदी झालेल्या कामगारास बरा होईपर्यंत वेतन मिळावे आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी. नुकसानभरपाईचा कायदा त्यानंतर ३९ वर्षांनी, १९२३ मध्ये झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर सदस्य असताना डिसेंबर १९४३ मध्ये धनबाद परिसरातील खाणीत उतरून कामगारांची स्थिती पाहिली. कोळसाखाण कामगारांच्या कल्याणनिधीची व्यवस्था १९४४ मध्ये झाली.

स्वातंत्र्यानंतर खाण अधिनियम १९५२ मध्ये झाला. धनबाद येथील खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे तपासणीचे काम होतेच. परंतु सरकारी निरीक्षक प्रत्येक खाणीत रोज येऊ शकत नाही, धोका मात्र रोज असतो. तो प्रथम कळतो त्या कामगाराला, ज्याच्या डोक्यावर छत असते. या जाणिवेतून १९८०च्या दशकात खाण नियमांत सुधारणा झाली. मोठ्या खाणींत नोंदणीकृत कामगार संघटनांशी विचारविनिमय करून कामगार निरीक्षक नेमण्याची आणि शंभराहून अधिक कामगार असलेल्या खाणीत सुरक्षा समिती स्थापन करण्याची तरतूद झाली. कामगार निरीक्षकाने खाणीतील रस्ते व कामाच्या जागा पाहाव्यात, आढळलेला दोष नोंदवहीत लिहावा आणि व्यवस्थापनाने त्यावर केलेली कार्यवाही त्याच वहीत नमूद करावी, अशी ही पद्धती होय.

या नोंदवहीचे मोल मोठे आहे. तोंडी तक्रार हवेत विरते, लिहिलेल्या तक्रारीला उत्तर द्यावे लागते. तसेच भूमिगत खाणीत कोणत्या पाळीला कोण खाली उतरला आणि कोण वर आला, याचीही नोंद ठेवली जाते. पाळी संपताना एक जरी माणूस परतला नाही, तरी ते त्याच क्षणी कळते. त्याच्या शोधासाठी त्याच्या पत्नीला कोणाचे दार ठोठवावे लागत नाही.

अर्थात सर्व काही आलबेल आहे असे नव्हे. अलीकडच्या दशकांत खुल्या खाणींतील माती हटविण्याचे व वाहतुकीचे बरेचसे काम कंत्राटदारांमार्फत होऊ लागले आहे. असा कामगार आज एका ठिकाणी, तर उद्या दुसऱ्या ठिकाणी असतो. संघटनेशी त्याचा संबंध तुटक राहतो आणि त्याच्या फुप्फुसांचा इतिहास कोणाच्याच दप्तरी नसतो. खाण अधिनियमासह १३ कायदे एकत्र करणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहिता २०२० मध्ये संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यातील नियुक्तिपत्र व आरोग्य तपासणीच्या तरतुदी कंत्राटी कामगारांपर्यंत पोहोचविणे, हे कामगार संघटनांपुढील आजचे मोठे काम आहे.

तेंदूपत्ता : पहाटेचे काम

आता जंगलाकडे वळू. एप्रिलच्या अखेरीपासून तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू होतो. उन्हाळ्यात येथील तापमान ४५ अंशांपलीकडे जात असल्याने मजूर पहाटे, पुरते उजाडण्यापूर्वीच घर सोडतात. पाने तोडणाऱ्यांत महिलांची संख्या मोठी असते. दुपारी घरी आल्यावर सारे कुटुंब पानांची जुळणी करून ७० पानांचे एकेक पुडके बांधते आणि सायंकाळी ती पुडकी फडावर नेऊन मोजून दिली जातात. मजुरी पुडक्यांवर मिळते. म्हणून अधिक पाने मिळविण्यासाठी प्रत्येक जण दाट व दूरच्या भागाकडे सरकतो आणि सोबत्यांपासून अलग पडतो.

हीच वेळ वन्य प्राण्यांच्या हालचालीची असते. तेंदूची झुडपे बुटकी असल्याने पाने वाकून किंवा बसून तोडावी लागतात. वाकलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही, असे या विषयाचे जाणकार सांगतात. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडण्यासाठी गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. जंगलातील धोका अनुभवी कर्मचाऱ्यासही चुकलेला नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात प्राणिगणनेसाठी पायी पाहणी करताना एका महिला वनरक्षकाला वाघिणीने ठार केले होते.

वाघाखेरीज अस्वल, रानडुक्कर, सर्पदंश व उष्माघात हेही धोके आहेत. बांबूतोडीसाठी रानात मुक्काम करणाऱ्या मजुरांना गडचिरोली जिल्ह्यात हिवतापाचे भय असते. कोयत्याचे घाव आणि बांबूच्या कांबीने होणाऱ्या जखमा तर कोणी मोजतही नाही. एखाद्या खाणीत एकाच दिवशी तीन कामगार दगावले, तर चौकशी होते, दोष कोणाचा हे ठरते आणि पुढील पाळीसाठी आदेश निघतो. जंगलात मात्र पंचनामा व मदतीपुढे बहुधा गोष्ट जात नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने, त्याच वेळी, इतर महिला पुन्हा निघतात.

जबाबदारी कोणाची?

पूर्वी तेंदूपत्त्याचा व्यापार १९६९ च्या अधिनियमानुसार शासनाच्या नियंत्रणाखाली होता. पुढे १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांमुळे स्थिती पालटली. गौण वनोपजावर गावाचा हक्क मान्य झाला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये त्या ग्रामसभेने आपल्या बांबूची विक्री स्वतः केली. त्यानंतर गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचे लिलाव स्वतः करू लागल्या.

हक्काबरोबर जबाबदारीही येते. तेंदू तोडणारी महिला कोणाच्याही हजेरीपटावर नसते. ती खरेदीदाराची नोकर नाही आणि शासनाचीही नाही. मात्र ती ग्रामसभेची सदस्य आहे. खाणीतील कामगार संघटना व्यवस्थापनाशी करार करताना जे स्थान घेते, तेच स्थान खरेदीदाराशी करार करताना ग्रामसभेला लाभलेले आहे. आजवर या करारांत भाव, बोनस व रकमेचे हप्ते यांवर भर राहिला. त्यात सुरक्षिततेचे कलम घालणे पूर्णतः ग्रामसभेच्या हाती आहे.

ग्रामसभेला काय करता येईल

खाणीतील अनुभवावरून पुढील गोष्टी अल्प खर्चात करता येण्याजोग्या आहेत.

(१) नोंदवही : हंगामात रोज कोणता गट जंगलाच्या कोणत्या भागात गेला आणि परतला, याची नोंद ठेवावी. हे काम गावातील शिकलेल्या तरुणाकडे सोपविता येईल.

(२) गट व वेळ : चारपाच जणांनी परस्परांच्या नजरेत राहूनच तोडणी करावी. एकाने पाळीपाळीने उभे राहून लक्ष ठेवावे. पुरते उजाडल्याशिवाय कोणी निघू नये आणि सर्वांना त्यामुळे तोटा होऊ नये म्हणून फडाची वेळ त्यानुसार ठरवावी.

(३) माहिती : वन विभागाचे कर्मचारी व गावातील प्राथमिक प्रतिसाद दल यांच्याकडून वाघाच्या वावराची माहिती रोज घ्यावी. धोक्याचा भाग त्या दिवसापुरता बंद ठेवावा.

(४) उपचार : फडावर पिण्याचे पाणी, क्षारसंजीवनी व प्रथमोपचार पेटी असावी. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, आवळून बांधू नये व मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. अवयव हलू न देता रुग्णास थेट प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात न्यावे. त्यासाठी वाहन कोणाचे, हे आधीच ठरलेले असावे.

(५) विमा व साहाय्य : प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वार्षिक २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी २ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. करारातील रकमेतून सर्व तोडणाऱ्यांचा हप्ता भरता येईल. सर्पदंश किंवा झाडावरून पडणे अशा प्रसंगी तत्काळ झालेली रुग्णालयातील नोंद आवश्यक असते, हे ध्यानी ठेवावे. वन्य प्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास वारसांना मिळणारे अर्थसाहाय्य राज्य शासनाने २०२३ मध्ये २५ लाख रुपये केले. त्यासाठी वन विभागाला विनाविलंब कळवून पंचनामा करून घ्यावा.

या कामी शिक्षकांचे साहाय्य मोलाचे ठरेल. हंगामात आईबरोबर मुलेही रानात जातात आणि शाळेतील उपस्थितीवरून हे शिक्षकांना सर्वांआधी समजते. सर्पदंशाचे प्रथमोपचार वर्गात शिकविले, तर ते मुलांमार्फत घरोघर पोहोचतील. आशा कार्यकर्ती व आरोग्य सेवक यांनी बांबूतोडीच्या मुक्कामावर रक्ततपासणी व मच्छरदाण्यांची सोय पाहावी.

खाणकामगारांना आजचे संरक्षण मिळण्यापूर्वी अनेक अपघात घडावे लागले आणि त्यांच्या संघटनांना दीर्घकाळ झगडावे लागले. जंगलातील मजुरांना तितकी किंमत मोजावी लागू नये. पुढील लिलावाची ग्रामसभा भरेल, तेव्हा दर पुडक्याच्या भावाबरोबरच, सकाळी गेलेली प्रत्येक बाई सायंकाळी घरी परतली की नाही हे पाहण्याची व्यवस्थाही ठरावात लिहिली जावी. त्या ठरावाला खर्च एका वहीचा आहे.