तापल्या हवेत टर्बो गाडी थंड राखताना

कतारमध्ये राहणाऱ्या आणि गाडीच्या बॉनेटखाली हात घालण्याची आवड असलेल्या माणसासाठी लुसैल सर्किटसारखी दुसरी जागा नाही. दोह्याच्या उत्तरेचा हा सुमारे ५.४ किलोमीटरचा, १६ वळणांचा ट्रॅक. २००४मध्ये इथे पहिल्यांदा मोटोजीपीची शर्यत झाली, मार्च २००८मध्ये मोटोजीपीची पहिली रात्रीची शर्यतही इथेच झाली आणि नोव्हेंबर २०२१मध्ये फॉर्म्युला वन आलं. मोठ्या शर्यती नसतात तेव्हा ट्रॅक डेला तुमच्या-आमच्यासारख्या हौशी लोकांना स्वतःची गाडी घेऊन तिथे उतरता येतं.

माझी गाडी दोन लिटरची टर्बो हॅचबॅक आहे. मॅप, इंटरकूलर आणि एक्झॉस्ट बदलून ती तीनशे अश्वशक्तीपर्यंत आणलेली. रस्त्यावर ती कधीच तापत नाही, पण ट्रॅकचा हिशोब वेगळा असतो. इथल्या हवेत ती थंड कशी राखायची, याबद्दल जे हाती लागलं ते क्रमाने मांडतो. महाराष्ट्रातून नोकरीसाठी इकडे येणाऱ्या आणि हीच आवड असलेल्या मुलांना ते उपयोगी पडावं.

१. ताकद वाढवली की उष्णता वाढतेच

पेट्रोलमधली साधारण एक तृतीयांश ऊर्जा चाकांकडे जाते, तेवढीच कूलंट आणि तेलात उतरते आणि उरलेली एक्झॉस्टमधून बाहेर पडते. तीनशे अश्वशक्ती म्हणजे जवळपास २२४ किलोवॅट. इंजिन हे देतं तेव्हा त्याच मापाची उष्णता रेडिएटर आणि ऑइल कूलरला बाहेर टाकावी लागते. दोह्यातल्या रस्त्यावर पूर्ण थ्रॉटल काही सेकंदांपुरता मिळतो. लुसैलला मुख्य सरळ पट्टाच एक किलोमीटरहून लांब आहे आणि त्यानंतर प्रत्येक वळणातून बाहेर पडताना पुन्हा पूर्ण थ्रॉटल असतो. बोरघाटात किंवा कसाऱ्याला जुन्या फियाट तापायच्या, कारण चढावर इंजिनावर पूर्ण भार असे आणि वेग कमी असल्याने वारा लागत नसे. ट्रॅकवर वारा भरपूर असतो, उष्णता मात्र त्याहून भरपूर. म्हणून मी इंजिनाची ताकद वाढवण्याआधी ती उष्णता कुठून बाहेर जाणार, हे ठरवतो.

२. आधी हवेचं तापमान बघा, मग तारीख ठरवा

रेडिएटर किती उष्णता टाकतो, हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलंट १०० अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असेल तर फरक ७५चा. हवा ४५ची झाली की फरक ५५वर येतो, म्हणजे तोच रेडिएटर एक चतुर्थांशाहून जास्त दुबळा होतो. शिवाय गरम हवा विरळ असते, त्यामुळे तेवढाच बूस्ट गाठायला टर्बोला जास्त राबावं लागतं. नोव्हेंबर ते मार्च हा इथला खरा हंगाम, आणि त्यातही सूर्य मावळल्यानंतरची वेळ. उन्हाळ्यात ट्रॅक उघडा असला तरी मी गाडी नेत नाही. चांगल्यातला चांगला पार्ट जेवढं देत नाही, तेवढं योग्य महिना निवडल्याने फुकट मिळतं.

३. डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबू नका

आजकालच्या बहुतेक गाड्यांत कूलंटचा काटा मोठ्या पट्ट्यात मधोमध स्थिर ठेवलेला असतो. तो हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. ओबीडी पोर्टला जोडायचा छोटा डिस्प्ले घ्या आणि तीन आकडे बघा: कूलंट, तेल आणि इंजिनात शिरणारी हवा. माझ्या मर्यादा ठरलेल्या आहेत. कूलंट १०५ला गेलं की पाय सैल, ११०ला पिटकडे. तेल १२५ला पाय सैल, १३५ला पिटकडे. तुमच्या इंजिनाचे आकडे थोडे वेगळे असतील, पण ते घरी शांतपणे ठरवा, कारण १८०च्या वेगात डोकं तडजोडी करतं. या तिघांचा स्वभावही वेगळा आहे. हवेचा आकडा सरळ पट्ट्यावर झरझर चढतो आणि झरझर उतरतो, कूलंट दोन-तीन लॅपमध्ये आपली जात दाखवतं, आणि तेल उशिरा तापतं व उशिरा निवतं. सगळ्यांत जास्त लक्ष तेलावर ठेवा.

४. हवेला आडवाटा मिळू देऊ नका

सगळ्यांत कमी खर्चात सगळ्यांत जास्त फायदा मला इथे मिळाला. पुढच्या बंपरमधून आत आलेली हवा रेडिएटरच्या दाट फिन्समधून जायला नाखूश असते. बाजूला, वर, खाली कुठेही फट मिळाली की ती तिथून निसटते. बंपरच्या तोंडापासून रेडिएटरपर्यंत बंद बोगदा हवा. दाट फोम आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याने या फटी बंद करता येतात. दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियात, ज्याला इथे सगळे सनाया म्हणतात, पत्रा कापून वाकवून देणारे कारागीर गल्लोगल्ली आहेत. त्यांना पुठ्ठ्याचा नमुना कापून दिला की काम नेमकं होतं.

हवा आत येण्याइतकंच तिचं बाहेर जाणंही महत्त्वाचं. इंजिनखालचं प्लास्टिकचं कव्हर काढून टाकलं की हवा मोकळी होईल असं वाटतं, पण अनेक गाड्यांत तेच कव्हर खालच्या वाऱ्याच्या जोराने इंजिनाच्या खोलीत कमी दाब तयार करतं आणि रेडिएटरमधून हवा ओढून घेतं. ते असू द्या. बॉनेटला जाळ्या पाडायच्या असतील तर पुढच्या-मधल्या भागात, रेडिएटरच्या जरा मागे पाडा, कारण चालत्या गाडीत तिथे दाब कमी असतो. काचेच्या पायथ्याशी दाब जास्त असतो. त्यामुळे बॉनेटची मागची कड वॉशर घालून उचलली तर वेगात हवा बाहेर पडण्याऐवजी आत शिरू शकते.

५. इंटरकूलर निवडताना मागच्या रेडिएटरचाही विचार करा

टर्बो हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. बाहेर ४० अंश असताना गेजवर एक बारच्या आसपास बूस्ट चालवला आणि टर्बोची कार्यक्षमता सत्तर टक्के धरली, तर टर्बोतून निघणारी हवा १३८ अंशांच्या आसपास असते. चांगला इंटरकूलर ती ६५पर्यंत खाली आणतो. बाहेर २५ अंश असतील तर तोच इंटरकूलर ४८पर्यंत आणतो. या १७ अंशांत नॉकिंग होणार की नाही, हे ठरू शकतं.

म्हणून मोठा इंटरकूलर हवाच. पण बहुतेक गाड्यांत तो रेडिएटरच्या पुढे बसतो. त्याने टाकलेली उष्णता मागच्या रेडिएटरला मिळते आणि त्याची जाडी हवेचा ओघही अडवते. फार जाड कोअर बसवला की इंजिनात जाणारी हवा थंड होते आणि कूलंट उकळायला लागतं. मी मध्यम जाडीचा, पण रुंदीने आणि उंचीने मोठा कोअर घेतला. तापला तरी पुढच्या थंड लॅपमध्ये तो लवकर निवतो.

६. पाणी, कूलंट आणि झाकण

उष्णता वाहून नेण्यात साध्या पाण्याइतकं चांगलं काही नाही. पाणी आणि ग्लायकॉल निम्मं-निम्मं केलं की वजनाला वजन सुमारे सहावा हिस्सा क्षमता कमी होते. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून ते करावं लागतं. दोह्यात ती भीती नाही. पण नुसतं पाणीही घालू नका: ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणि वॉटर पंप गंजापासून वाचवणारी रसायनं कूलंटमध्ये असतात. मी एक तृतीयांश कूलंट आणि दोन तृतीयांश डिमिनरलाइज्ड पाणी ठेवतो.

आणि झाकण. १.१ बारचं झाकण दाब धरून ठेवतं तेव्हा साधं पाणीसुद्धा १२१ अंशांच्या पुढे उकळतं. झाकणाची स्प्रिंग सैल झाली की पाणी आधीच उकळतं, वाफेचे बुडबुडे सिलिंडर हेडजवळ अडकतात आणि हेड गॅस्केट जातं. हा काही रियालांचा पार्ट आहे. तो दर हंगामाच्या सुरुवातीला नवा घालावा.

७. तेलाला स्वतःचा कूलर द्या

टर्बोचं बेअरिंग तेलावर तरंगतं आणि त्याच्या शेजारून ९०० अंशांच्या पुढचे वायू वाहत असतात. १०० अंशांवर ४० ग्रेडचं तेल जेवढं दाट असतं, १३०ला त्याच्या जवळपास निम्मंच उरतं. म्हणून ट्रॅकवर जाणाऱ्या टर्बो गाडीत मी ऑइल कूलर आवश्यक मानतो, आणि तो थर्मोस्टॅटसहितच हवा. जानेवारीच्या रात्री इथे १५ अंशांच्या खाली जातात. थर्मोस्टॅट नसेल तर कामावर जाता-येता तेल कधी नीट गरमच होत नाही आणि त्यात पाणी व पेट्रोल साचत राहतं. तेल बदलण्याचा हिशोब किलोमीटरवर नको, ट्रॅकवर घालवलेल्या वेळावर हवा.

८. मॅप इथल्या हवेसाठी हवा

युरोपातल्या गार हवेत आणि तिथल्या ९८ ऑक्टेन पेट्रोलवर बनवलेला मॅप इथे जसाच्या तसा घालू नये. वकूद या इथल्या इंधन कंपनीच्या पंपावर ९१चं प्रीमियम आणि ९५चं सुपर मिळतं. मॅप ९५ धरूनच करून घ्या आणि तोही गरम हवेत. नॉकिंग झालं की ईसीयू ठिणगी उशिरा टाकतो, म्हणजे ताकद कमी होते, एक्झॉस्ट आणखी तापतो आणि टर्बोही तापतो. त्यापेक्षा बूस्ट आधीच थोडा उतरवलेला बरा. माझ्या ट्रॅकच्या मॅपमध्ये वीसेक अश्वशक्ती कमी आहेत. शेवटच्या लॅपला गाडी पहिल्या लॅपसारखीच धावते, म्हणून ती कमी वाटत नाहीत.

९. धूळ

इथली धूळ पिठासारखी बारीक असते. शमाल, म्हणजे इथला वायव्येचा वारा, येऊन गेला की ती रेडिएटर, कंडेन्सर आणि इंटरकूलरच्या मधल्या फटींत जाऊन बसते आणि समोरून बघितलं तर दिसत नाही. ट्रॅक डेच्या आधी मागच्या बाजूने, कमी दाबाच्या पाण्याने हे सगळं धुऊन घ्या. प्रेशर वॉशर जवळून मारला की फिन्स आडव्या होतात. एअर फिल्टरही त्याच वेळी बघा.

१०. थंड लॅप हाही ड्रायव्हिंगचा भाग आहे

पहिला लॅप तेल गरम होईपर्यंत हळू. मग दोन-तीन लॅप जोरात, नंतर एक लॅप वरच्या गिअरमध्ये, बूस्ट न चढवता. दुसऱ्या गाडीच्या मागे चिकटून चालू नका, तिथे तिची गरम हवा मिळते आणि तीही कमी. एसी बंद ठेवा. आकडा हाताबाहेर जायला लागला तर हीटर पूर्ण सोडा, तोही एक छोटा रेडिएटरच आहे. पिटमध्ये आल्याबरोबर इंजिन बंद करू नका, कारण कूलंट आणि तेल थांबलं की टर्बोतली उष्णता आतल्या तेलाचा कोळसा करते. बॉनेट उघडून इंजिन दोन-तीन मिनिटं चालू राहू द्या. ब्रेक तापलेले असताना हँडब्रेक ओढू नका; इंजिन बंद केल्यावर गाडी गिअरमध्ये ठेवा.

११. माणूसही तापतो

८ ऑक्टोबर २०२३च्या रात्री लुसैलला झालेली फॉर्म्युला वन शर्यत आठवा. सूर्य मावळलेला होता, तरी उष्णता आणि दमटपणाने जगातले सर्वांत तंदुरुस्त ड्रायव्हर हतबल झाले. लोगन सार्जंटने शर्यत अर्ध्यात सोडली, एस्टेबान ओकॉनला हेल्मेटमध्येच उलटी झाली. दमट हवेत रेडिएटरचं फारसं बिघडत नाही, कारण त्याला घाम गाळावा लागत नाही. आपल्याला लागतो, आणि तो वाळतच नाही. कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करून घ्यायला कायद्याने बंदी आहे. जो नियम बांधकामावरच्या माणसाचा जीव जपतो, तो हौसेने हेल्मेट घालणाऱ्यानेही मनावर घ्यावा. प्रत्येक फेरीनंतर पाणी आणि मीठ-साखर घ्या. डोकं दुखायला लागलं तर गाडीचे आकडे कितीही चांगले असोत, त्या दिवसापुरतं थांबा.

नवीन माणसाला मी खर्चाचा क्रम असा सांगतो: आधी डिस्प्ले, मग फोम-पत्रा, मग झाकण, कूलंट आणि तेल, मग ऑइल कूलर, त्यानंतर इंटरकूलर, आणि ताकद सगळ्यांत शेवटी. दुकानातला माणूस बहुतेक वेळा हा क्रम उलटा सांगतो. तुम्ही हाच धरा. शुक्रवारी रात्री ट्रॅकवर मनसोक्त चालवलेल्या गाडीनेच रविवारी सकाळी कामावर जायचं असतं, आणि तेही पुढची कित्येक वर्षं.