मोटार भरू की बीएस्सी करू?

प्रश्न : यंदा बारावी सायन्स पास झालो, 61 टक्के पडले. सुट्टीत मामाच्या दुकानात मोटारी भरायला शिकलो आणि त्यातच रमलो. घरचे म्हणतात, आधी बीएस्सी कर, डिग्रीशिवाय कुत्रं विचारणार नाही. आता डिग्री घेतली नाही, तर पुढची दारं कायमची बंद होतात का?
– एक वाचक, सांगोला

उत्तर : कायमची नाही होत. पण काही दारांना डिग्रीचंच कुलूप असतं, ती आधी ओळखून घे. डॉक्टर, वकील व्हायचं किंवा एमपीएससीची राज्यसेवा द्यायची, तर पदवी लागतेच. उलट रेल्वेत असिस्टंट लोको पायलटच्या भरतीला दहावी आणि ठरावीक ट्रेडचं आयटीआय चालतं.

तुझी ओढ मोटारीकडे आहे, म्हणून तुझ्यापुरता हिशेब मांडू. बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. म्हणजे इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा दोनच वर्षांत. त्यात 45 टक्के मिळवलेस (राखीव प्रवर्गाला 40), की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. तिथे सीईटी नाही, डिप्लोमाचेच गुण बघतात. दोन आणि तीन, झाली पाच वर्षं. सरळ इंजिनिअरिंगला चार लागतात. एक वर्ष जास्त जातं खरं, पण वाटेत असा एक थांबा मिळतो, की तिथे उतरलास तरी पोटापाण्याचं बघता येईल. नव्या शैक्षणिक धोरणात बीएस्सी पहिल्या वर्षानंतर सोडली तरी प्रमाणपत्र मिळतं, पण ते बघून कुणी तुला मोटार भरायला देणार नाही.

वहीपेक्षा पक्कड बरी वाटत असेल, तर आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड दोन वर्षांचा आहे. त्यानंतर अप्रेंटिस म्हणून कारखान्यात लागलास, तर 1961च्या कायद्यानुसार विद्यावेतन मिळतं. दोन वर्षांच्या आयटीआयवरूनही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आणि काम करता करता नुसती पदवी हवी असेल, तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989पासून त्याचसाठी आहे.

मग दुकानातच का शिकू नये? मामा जळालेली मोटार उघडतो, तेव्हा जुनी कॉइल काढताना आधी वेढे मोजतो, तारेचा गेज बघतो, मगच नवी तार भरतो. कारण वेढे कमी पडले तर मोटार जास्त करंट ओढते आणि तापते. का तापते, हे मामाला विचारून बघ. ‘तापते, एवढं खरं’ असं उत्तर आलं आणि तुझं तेवढ्यावर भागलं, तर आयटीआय कर. ‘का’ डोक्यातून जात नसेल, तर डिप्लोमा. दोन्हीकडे मामाचं दुकान सुट्टीत मोकळंच आहे. नुसत्या दुकानात हात तयार होईल, पण कागद मिळणार नाही. घरच्यांची भीती तेवढ्यापुरती खरी आहे.

हा हिशेब त्यांच्यासमोर कागदावर मांड. आणि उत्पन्नाचा, जातीचा, जो लागेल तो दाखला आजच काढायला टाक. प्रवेशफेरी दाखल्यासाठी थांबत नाही.