जुन्या लेथची दुरुस्ती

फिरत्या लांकडास हत्यार लावून लाटणें किंवा पाळण्याचे दांडे उतरविणारा कातारी तुमच्यापैकीं कित्येकांनीं पाहिला असेल. लोखंड, पोलाद, पितळ हे धातू तसेच फिरवून कातण्याचें जें यंत्र तोच लेथ. कातारी हत्यार हातांत धरितो. लेथवर तें एका सरकत्या बैठकीवर घट्ट आवळलेलें असतें. ही बैठक बिडाच्या ज्या लांब, सपाट पायावरून सरकते त्यास बेड म्हणतात. बेड खरा तर काम खरें. इंग्लंडांत हेन्री मॉड्स्ले यानें १८०० सालच्या सुमारास मळसूत्राचे आटे अचूक पाडणारा लेथ तयार केला, आणि यंत्रांनीं यंत्रें घडविण्याचा मार्ग प्रशस्त झाला.

असा एक जुना लेथ आम्हीं भंगाराच्या भावानें घेऊन घरच्या पडवींत उभा केला. तो दुरुस्त करितांना आमच्या हातून एक मोठी चूक होतां होतां टळली. ती तुमच्या उपयोगी पडेल म्हणून येथें सांगत आहों.

प्रथम सफाई. यंत्र सोडवितांना प्रत्येक भागाचें चित्र काढून ठेवावें. जुन्या रंगांत शिसें असूं शकतें. म्हणून तो कोरडा घासून धूळ उडवूं नये, ओला करूनच काढावा. तेलाचें कीट रॉकेलनें निघतें. जवळपास विस्तव नसावा. लहान गंजलेले भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यांत बुडवून बारा व्होल्टच्या चार्जरची ऋण तार त्यांस व धन तार टाकाऊ लोखंडी पत्र्यास जोडली कीं गंज सुटूं लागतो. ह्या क्रियेंत हायड्रोजन वायु निघतो, म्हणून ती उघड्यावर व वडील माणसांच्या देखत करावी. पत्रा स्टेनलेस स्टीलचा मुळींच नसावा. त्यांतून विषारी क्रोमियम पाण्यांत उतरतें.

बेडवर मात्र पॉलिश कागद घासूं नये. त्याची खर सरकत्या भागांत अडकून राहते व पुढें बीड झिजवीत बसते. चक ज्या दांड्यावर बसतो तो दांडाही घाईनें फिरवूं नये. कांहीं जुन्या लेथमध्यें समईप्रमाणें वातींतून तेल चढतें; वात नमद्याची असते, आणि वर्षानुवर्षांच्या किटानें ती कडक झाली म्हणजे बेअरिंग कोरडें पडतें. आम्हीं नव्या वाती घातल्या, तेल भरलें, आणि मगच पट्टा चढविला.

आतां परीक्षा. एक इंच जाडीची पोलादी कांब चकांत धरिली. तिचें दुसरें टोंक मोकळें ठेविलें. सहा इंचांच्या अंतरावर दोन ठिकाणीं हत्यार न हलवितां सारखाच बारीक काप घेतला. दोन्ही जाड्या सारख्या यावयास हव्या होत्या. मायक्रोमीटर लावून पाहतों तों बाहेरची जाडी इंचाच्या तीन हजारांशांनीं अधिक! आम्हीं तत्काळ ठरविलें कीं बेड झिजला आहे. जुन्या लेथचा बेड चकाजवळ अधिक झिजतो, कारण बहुतेक काम तेथेंच होतें. बेड खरवडून सरळ करावा म्हणून आम्हीं हत्यारास धार लाविली.

त्याच रात्रीं वर्गांत शिकविलेली एक गोष्ट आठवली. मॉड्स्लेच्या कारखान्यांत काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यानें १८४० सालीं ग्लासगो येथील विद्वत्सभेपुढें सपाट पृष्ठभाग कसे करावे हें मांडलें. दोन पाटे एकमेकांस तंतोतंत जुळले तरी एक फुगीर व दुसरा खोलगट असूं शकतो. तिसरा पाटा दोघांशींही ताडून पाहिल्यावांचून खोटेपणा उघडा पडत नाहीं. आमची समजूत व ती कांब या दोघांचें एकमत झालें होतें. तिसऱ्या साक्षीदारास आम्हीं विचारलेंच नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं कारखान्यांतील नाजूक पाणसळ मागून आणिली. ती बेडवर आडवी ठेविली. चकाजवळ बुडबुडा मधोमध होता. दुसऱ्या टोंकास मात्र आमच्या बाजूची कड खालीं गेलेली दिसली. पायाखालची फरशी खचली होती, आणि बोल्ट आवळतांना आम्हींच बेडला पीळ दिला होता. त्या पायाखालीं पातळ पितळी पत्रा सारला, बोल्ट पुन्हा बेतानें आवळले, आणि नवा काप घेतला. दोन्ही जाड्यांतील फरक अर्ध्या हजारांशाच्या आंत आला. बेड निर्दोष होता. दोष आमच्या बसविण्याचा होता.

बीड एकदां खरवडलें कीं तें परत चढत नाहीं. त्या रात्रीं आम्हीं हत्यार चालविलें असतें तर चांगला बेड आमच्याच हातानें कायमचा बिघडला असता. म्हणून दुरुस्तीपूर्वीं मोजणी, आणि मोजणीपूर्वीं पाया पाहावा. खडकावर व वाळूवर घर बांधणाऱ्या दोघां मनुष्यांचा प्रभूचा दाखला आम्हीं अनेक वर्षें वर्गांत शिकविला. पण त्या पितळी पत्र्यानें तो आम्हांस नव्यानें शिकविला.

पुढें तुम्हांपैकीं कोणी लेथवर उभा राहील तर त्यानें बाह्या वर कराव्या, हातमोजे काढावे, आणि चकाची किल्ली चकांत कधींही विसरूं नये. आणि काम वांकडें आलें तर यंत्रास दोष देण्यापूर्वीं आपण तें कसें उभें केलें आहे हें आधीं तपासावें.