चमू कोणाची?

दिवाळी होते. धान कापून होते. बांध्या मोकळ्या होतात. मग गावची पोरे चेंडू घेऊन बांधीत उतरतात. दोन्ही टोकांना बांबू रोवले की गोल तयार झाला. चंद्रपूर आणि गडचिरोली हे आपले जंगलाचे जिल्हे. येथे बांबूला तोटा नाही आणि पळणाऱ्या पायांनाही तोटा नाही.

फुटबॉलला खर्च थोडा. पण थोडा म्हणजे काहीच नाही असे नव्हे. चेंडू लागतो. हवा भरायला पंप लागतो. रेघा मारायला चुना लागतो. सामन्याची प्रवेश फी भरावी लागते. अकरा गडी आणि वरचे तीन-चार परगावी न्यायचे, तर गाडीभाडे लागते. कोणाचा पाय मुरगळला, तर दवापाणी लागते.

हा पैसा आणायचा कोठून?

एक वाट सोपी आहे. पैसेवाला माणूस गाठायचा. समजा, गावात एक ठेकेदार आला. त्याने पोरांना नवे सदरे दिले. सदऱ्यांवर त्याचे नाव. पोरे खूश झाली. दुसऱ्या वर्षी तो म्हणाला, "मी सांगतो त्याच सामन्याला जा." तिसऱ्या वर्षी म्हणाला, "माझ्या भाच्याला कप्तान करा." चौथ्या वर्षी त्याचे काम संपले. तो निघून गेला. सदरे फाटले होते, चेंडू फुटला होता. गावाला वाटत होते की चमू गावाची आहे. पण चार वर्षे ती एका माणसाची होती.

त्या माणसाला दोष देऊन काय उपयोग? ज्याचा पैसा, त्याचा शब्द. हे सगळीकडे चालते.

इंग्लंडात असेच घडले. लंडन शहरात विम्बल्डन नावाचा भाग आहे. तेथला फुटबॉल क्लब १८८९ साली निघाला. १९८८ साली त्याने इंग्लंडचा मोठा चषक जिंकला. पण क्लब मालकांच्या हाती होता. त्याचे जुने मैदान आधीच सुटले होते. मग मालकांनी ठरवले की क्लबच दुसऱ्या गावी न्यायचा. ते गाव सुमारे ९० किलोमीटर दूर. चंद्रपूरची चमू उचलून गडचिरोलीला नेऊन ठेवावी, तसेच हे. लोकांनी विरोध केला. तरी २००२ साली मालकांना परवानगी मिळाली.

मग लोकांनी काय केले? ते रडत बसले नाहीत. थोड्याच दिवसांत त्यांनी आपला नवा क्लब काढला. एका मोकळ्या माळावर खेळाडूंची निवड केली. लोक सभासद झाले. प्रत्येकाने वर्गणी दिली. प्रत्येक सभासदाला एक मत. नवा क्लब अगदी खालच्या पायरीवर खेळू लागला. नऊ वर्षांत, २०११ साली, तो देशाच्या मोठ्या साखळी सामन्यांत पोचला. २०२० साली जुन्या मैदानाजवळच त्याचे नवे मैदान उभे राहिले. हा क्लब आजही मुख्यतः सभासदांच्या मालकीचा आहे.

स्पेन देशात बार्सिलोना नावाचा क्लब आहे. तो १८९९ साली निघाला. जगातला हा एक मोठा क्लब. त्याचे एक लाखाहून जास्त सभासद आहेत. तेच मालक. क्लबचा अध्यक्ष तेच मत देऊन निवडतात.

आपल्या देशातही लोकांनी काढलेले जुने क्लब आहेत. कलकत्त्याचा मोहन बागान क्लब १८८९ सालचा. १९११ साली त्याने गोऱ्या पलटणीच्या चमूला २ विरुद्ध १ गोलने हरवले. त्या दिवशी मोहन बागानचे अकरापैकी दहा गडी अनवाणी खेळले. आपल्या कोल्हापुरात तर पेठेपेठेतल्या तालमींच्या चमू आहेत. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम अशी त्यांची नावे. तालीम कुस्तीची, पण चमू फुटबॉलची. सामना असला की सारी पेठ मैदानावर.

तुम्ही म्हणाल, "ती मोठी शहरे. आमच्या गावाला हे कसे जमेल?"

का जमणार नाही? आपल्याकडे झाडीपट्टीचे नाटक होते. गावातले मंडळ पुढे होते, पैसा उभा करते, वडसाहून कंपनी बोलावते, तिकिटे काढते. धानोरा तालुक्यात मेंढा हे गाव आहे. तेथली ग्रामसभा सर्वांच्या संमतीने निर्णय करते. २००९ साली त्या गावाला जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. मिळून काम करणे आपल्याला नवे नाही. तीच रीत फुटबॉलला लावायची.

चमूचा एक पोरगा शेजारच्या म्हाताऱ्याकडे वर्गणी मागायला गेला. त्यांचे बोलणे असे झाले.

"आजा, आमच्या क्लबाचे सभासद व्हा."

"मी कायले होऊ बाप्पा? माझे गुडघे दुखतात. मी का आता खेळणार आहो?"

"तुम्ही सामना पाहाले येता ना?"

"येतो तर! एक सामना सोडत नाही."

"आम्ही हरलो की शिव्या कोण देते?"

आजा हसला. "मीच देतो."

"मग चमू तुमचीच झाली. सभासद झाले की सभेत बोलता येईल. हिशेब विचारता येईल. नुसत्या शिव्यांनी काही होत नाही."

आजाने थोडा विचार केला. "बरोबर आहे तुझे. पण आता हाती पैसा नाही. तेंदूपत्त्याची मजुरी आली की देतो."

आजाचे बोलणे शहाणपणाचे आहे. वर्गणी कधी मागायची, हे कळले पाहिजे. पावसाळ्यात रोवण्याच्या वेळी मागाल, तर कोणाच्या हाती पैसा नसतो. तेंदूपत्त्याची मजुरी मिळाली की अर्धी वर्गणी घ्या. धान विकले की उरलेली अर्धी घ्या. ज्याच्याजवळ तेव्हाही पैसा नाही, त्याने श्रमदान करावे. मैदान सपाट करावे, काटे वेचावे, बांबू आणून द्यावे. त्याचेही नाव यादीत येऊ द्या. त्यालाही एक मत.

आता हिशेब करून पाहू. समजा, एका माणसाने वर्षाला ६००० रुपये दिले. तो रुसला तर ६००० रुपये गेले. आता समजा, ६० सभासदांनी १०० रुपये दिले. तेही ६००० रुपयेच झाले. त्यातले पाच जण रुसले, तर ५०० रुपये गेले. ५५०० रुपये उरले. खेळ थांबला नाही. हेच सभासदांचे बळ.

पैसेवाल्याची देणगी घेऊच नये, असे नाही. घ्यावी. त्यालाही पावती द्यावी. पण १०० रुपयेवाल्याला एक मत आणि ५००० रुपयेवाल्यालाही एकच मत.

सभासदांनीही एक गोष्ट समजून घ्यावी. "मी वर्गणी दिली, माझ्या पोराला खेळवा," असे म्हणायचे नाही. कोण खेळेल ते शिकवणाऱ्याने खेळ पाहून ठरवावे. सभासदांनी पैसा, मैदान आणि कारभार पाहावा. बायाही सभासद व्हाव्यात. मग पोरींची चमू कधी निघेल, हे सभेत विचारणारे कोणी राहील. वर्गणीसाठी कोणावर जोर करू नये. जो सभासद नाही, त्यालाही सामना पाहू द्यावा. आज पाहील, उद्या सभासद होईल.

आता पैशाचे चार नियम लक्षात ठेवा.

१. पैसा दिला की पावती घ्या. पावतीशिवाय पैसा देऊ नका, घेऊही नका.

२. पैसा घरात ठेवू नका. बँकेत ठेवा. दोघांच्या सहीशिवाय तो निघू नये.

३. जमा किती, खर्च किती, हे दर महिन्याला फळ्यावर लिहा.

४. वर्षातून एकदा सर्व सभासदांची सभा भरवा. सारा हिशेब मोठ्याने वाचा.

काम वाढले की क्लबाची नोंदणी करावी. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे निदान सात जण मिळून संस्था नोंदवू शकतात. नोंदणी झाली की दर वर्षी हिशेब तपासून घ्यावा लागतो. त्याला भिऊ नका. तपासलेला हिशेब असला की लोकांचा विश्वास बसतो.

पावती अशी असते:

पावती क्रमांक १७
सभासदाचे नाव:
रक्कम: ५० रुपये, अक्षरी पन्नास रुपये
कशासाठी: सभासद वर्गणी, पहिला हप्ता
तारीख:
पैसे घेणाऱ्याची सही:

पूर्वी कोणी कागद हाती दिला, तर आपण तो तसाच घडी करून ठेवत होतो. आता तुम्हाला वाचता येते. पावती हाती आली की आधी वाचा. आपले नाव बरोबर आहे का? आकडा बरोबर आहे का? सही आहे का? मगच घडी करा. फळ्यावरचा हिशेबही उभे राहून वाचा. चुकला असेल तर सभेत विचारा. विचारणारे सभासद असले की चमू गावाची राहते.

विचार करा आणि सांगा

१. ठेकेदार निघून गेल्यावर चमूचे काय झाले? का झाले?
२. विम्बल्डनच्या लोकांनी २००२ साली काय केले?
३. तुमच्या गावात वर्गणी कोणत्या महिन्यात मागावी? का?
४. वर दिलेली पावती आपल्या वहीत उतरवा. तिच्यात तुमचे नाव आणि आजची तारीख लिहा.