यार्देनेकांठची वेदी : आधीं ऐकावें, मग बोलावें

(वाचन : यहोशवा 22:9–34. ताडून पाहा : अनुवाद 13:12–14, नीतिसूत्रें 18:13, याकोब 1:19.)

आपल्या मंडळ्यांतून जे तंटे उत्पन्न होतात, त्यांचें मूळ शोधूं गेल्यास मोठें पातक क्वचितच सांपडतें. अर्धवट ऐकलेली गोष्ट, उतावळेपणानें काढलेला शब्द, आणि 'मीं डोळ्यांनीं पाहिलें' हा अभिमान, एवढ्यांतच तें बहुधा असतें. यास्तव पवित्र शास्त्रांतील असा एक प्रसंग आपण विचारांत घेऊं कीं, ज्यांत केवळ ऐकून घेतल्यामुळें भावाभावांतील युद्ध टळलें.

रऊबेन, गाद व मनश्शेचा अर्धा वंश यांस यार्देनेच्या पूर्वेस वतन मिळालें होतें. तरी बायकामुलें व गुरेंढोरें तिकडे ठेवून त्यांचे वीर नदी उतरून आले आणि भावांसाठीं कनान देशांत लढले. काम संपल्यावर यहोशवानें त्यांस आशीर्वाद देऊन निरोप दिला. परत जातांना त्यांनीं यार्देनेजवळ एक भली मोठी वेदी बांधिली. ती दुरूनहि नजरेंत भरे.

ही बातमी इतर वंशांच्या कानीं गेली. परमेश्वर निवडील त्या एकाच स्थळीं यज्ञ करावे, अशी आज्ञा होती. म्हणून दुसरी वेदी म्हणजे उघड बंड, असें त्यांस वाटलें. ते शिलो येथें जमले, ते लढाईच्या तयारीनें. कालपर्यंत एका छावणींत राहिलेले भाऊ आज एकमेकांवर तरवार उपसणार, अशी वेळ आली. परंतु फौज निघण्यापूर्वीं एलाजार याजकाचा पुत्र फिनहास व दहा वंशांचे दहा सरदार यांस गिलादांत पाठविण्यांत आलें. यापासून आपणांस चार गोष्टी शिकावयाच्या आहेत.

1. ज्याच्याविषयीं बोलावयाचें, त्याच्याकडेच जावें. वेदीविषयीं त्यांनीं ऐकलें होतें. परंतु ती कशासाठीं बांधिली, हें डोळ्यांस दिसत नाहीं. तें बांधणाऱ्याच्या मुखांतूनच कळावयाचें. अशा वेळीं नीट चौकशी करावी, असें नियमशास्त्रहि सांगतें. पाणवठ्यावर किंवा चावडीवर भावाचा न्याय होत नाहीं. तो त्याच्या ओट्यावर बसूनच होतो.

2. स्पष्ट बोलावें, पण परत येण्याची वाट उघडी ठेवावी. फिनहासानें गुळमुळीत भाषण केलें नाहीं. पौराचें पाप व आखानाचा अपराध यांची त्यानें आठवण दिली. मात्र येथें एक उणीव दिसते : 'ही वेदी कशासाठीं?' असें विचारण्याऐवजीं त्यानें प्रथम दोषच ठेविला. तरी त्याच भाषणांत त्या सर्वांनीं असेंहि सांगितलें कीं, तुमचा देश तुम्हांस अशुद्ध वाटत असेल तर इकडे या, आमच्यामध्यें वतन घ्या. स्वतःची जमीन कमी करून भावास जागा देण्यास जो तयार आहे, त्याच्या कठोर शब्दांतहि प्रीति असते. आपण दोष दाखवावयास जातों, तेव्हां पदरचें कांहीं देण्याची आपली तयारी असते काय?

3. आरोप ऐकूनहि शांतपणें उत्तर द्यावें. 'तुमच्यासाठीं आम्हीं रक्त सांडलें, त्याचें हेंच फळ काय?' असें पूर्वेकडील वंश म्हणूं शकले असते. तसें न म्हणतां त्यांनीं देवास साक्षी ठेविलें व अपराध असल्यास शिक्षा पत्करली. मग मनांतील भय उघड केलें. नदी मध्यें आहे. पुढें तुमचीं मुलें आमच्या मुलांस म्हणतील कीं, परमेश्वराशीं तुमचा संबंध नाहीं. म्हणून ही वेदी यज्ञासाठीं नव्हे, तर साक्षीसाठीं आहे. हें भय त्यांनीं आधींच शिलोस सांगितलें असतें, तर संशयास जागाच राहिली नसती. दूरच्या वाडीवरील एखादें कुटुंब रुसलेलें दिसतें, तेव्हां त्याच्याहि पोटांत पुष्कळदां हेंच भय असतें कीं, मंडळी आम्हांस आपलें समजत नाहीं.

4. ऐकून पटलें तर तसें कबूल करावें. पौराच्या प्रसंगीं भाला हातीं घेणारा फिनहास तो हाच. तेथें पाप खरें होतें, म्हणून त्यानें तें झांकलें नाहीं. येथें पाप नव्हतें, म्हणून त्यानें आपला शब्द धरून ठेविला नाहीं. ऐकणें म्हणजे पापास पांघरूण घालणें नव्हे. पाप आहे किंवा नाहीं, हें ऐकल्यानेंच कळतें. पुढें त्यानें परत जाऊन सर्व लोकांस खरें तें सांगितलें, आणि युद्धाची भाषा बंद झाली. ज्या दारीं आपण संशय नेला, त्याच दारीं खुलासाहि आपणच नेला पाहिजे.

समजा, आपल्या मंडळींतील एक भाऊ जत्रेंत देवळाजवळ दिसला. संध्याकाळपर्यंत गांवांत बोभाटा होतो कीं, त्यानें नारळ फोडला. रविवारीं त्याच्याशीं कोणी बोलत नाहीं, आणि पुढच्या रविवारीं तो येतच नाहीं. महिन्यानें कळतें कीं, जत्रेच्या बाजारांत तो बैल पाहावयास गेला होता. आतां चूक कळली. पण उपासनेंतील त्याची जागा रिकामीच राहिली. उपदेशक बंधूंनो, पहिल्याच संध्याकाळीं आपण त्याच्या घरीं जाऊन, 'दादा, आज जत्रेस गेला होतां ना? काय काम काढलें होतें?' एवढें विचारलें असतें, तर एक आत्मा दुखावला नसता.

ऐकण्यापूर्वीं उत्तर देणें हें शलमोनाच्या बोधाप्रमाणें मूर्खपण आहे. आणि ऐकण्यास तत्पर व बोलण्यास धीमे असावें, असें याकोब शिकवितो. या आठवड्यांत ज्याच्याविषयीं आपण बोललों, पण ज्याच्याशीं बोललों नाहीं, अशा एका तरी भावाच्या घरीं जावें, ही विनंति.

मंडळींत विचारण्याचे प्रश्न : (1) इतर वंशांस वेदीविषयीं ऐकून काय वाटलें, व कां? (2) फिनहासाच्या बोलण्यांत चांगलें काय व उणें काय? (3) पूर्वेकडील वंशांस कोणतें भय होतें? (4) आपल्या गांवांत असें भय कोणास आहे?

प्रार्थना : हे प्रभो, आमच्या जिभेस लगाम दे, आमचे कान उघड, आणि आमच्यामुळें दूर गेलेल्या भावाकडे जाण्याचें धैर्य आम्हांस दे. आमेन.